मिरवणुकीमागची गाडी

मिरज स्टेशनवर बाबांनी मला सोडलं तेव्हा गाडी सुटायला बराच वेळ होता. पण ते थांबले नाहीत. "पोचलास की कळव, आणि वेळेवर जेवत जा," एवढं बोलून त्यांनी स्कूटरला किक मारली. मला रागच आला. ते पुढच्या रेल्वे फाटकापाशी माझी गाडी जाईपर्यंत उभे होते, हे आईने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

लखनौला संशोधनाची नोकरी होती. तिथल्याच जानकीपुरम भागात घर झालं. आमच्या सांगलीत दवाखाना, मंडई, शाळा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. इथले रस्ते ऐसपैस, पण पायी चालणाऱ्याला जागा म्हणून नाही. फुटपाथवर गाड्या, गाड्यांपुढे ठेले, उरलेल्या फटीत ई-रिक्षा. कोपऱ्यावरून सब्जी आणायची तरी स्कूटर काढावी लागते. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले आणि रोज नदीपर्यंत चालणारा माणूस गच्चीवर येरझाऱ्या घालू लागला. रुळतील हळूहळू, असं मी म्हणत राहिलो.

त्या अनंत चतुर्दशीला दुपारचा चहा घेताना बाबांच्या तोंडातून घोट ओघळला. ओठ एका बाजूला वाकडे झाले होते, उजवा हात उचलेना. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. "सर, जाम में फँसी है, टाइम लगेगा." शुभदाने गाडीची किल्ली घेतली. "तू मागे बस, त्यांचं डोकं धर," ती म्हणाली. माझी बायको घाबरली की फार कमी बोलते.

अलीगंजच्या चौकाअलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे बस, बसच्या पुढे गाड्यांची रांग, मागे हॉर्न. आणि या सगळ्यापलीकडून ढोल-ताशा ऐकू आला. ठेका ओळखीचा होता. ती इथल्या आमच्याच मराठी मंडळाची विसर्जनाची मिरवणूक होती, आणि त्या पथकात संध्याकाळी मलाही ताशा वाजवायचा होता. ज्या आवाजासाठी वर्षभर जीव आसुसतो, तो त्या क्षणी मला नकोसा झाला. बाबा काहीतरी बोलत होते, एक शब्द कळत नव्हता.

मी उतरून पळालो. सगळ्यात पुढे कुलकर्णी काका, एअरफोर्समधून रिटायर झालेले, मंडळाचे अध्यक्ष. "काका, मागे गाडीत बाबा आहेत. पॅरालिसिस." त्यांनी हात वर केला. ढोल थांबले. पथकाभोवती धरायचा तो लांब दोर पोरापोरींनी सोडवला, मूर्तीची हातगाडी कडेला ढकलली, आणि दोर ताणून सगळे गाड्यांच्या मधून उलटे मागे निघाले. "भैया, गाड़ी किनारे लगाइए, मरीज़ है." कुणी शिव्या दिल्या, एकाने मुद्दाम इंजिन बंद केलं. साडी खोचलेल्या जोशी काकूंनी त्याची काच इतकी बडवली की तो मुकाट बाजूला झाला. त्या दोराच्या आतून शुभदा गाडी घेऊन गेली. मी पुन्हा मागे बसून बाबांचं डोकं धरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. बाबा वाचले. हात अजून साथ देत नाही, बोलणं सावकाश झालं.

पुढच्या गणपतीआधीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, मिरवणूक रस्त्याच्या एकाच कडेने न्यायची, दुसरी बाजू अ‍ॅम्ब्युलन्ससाठी मोकळी. काका चिडले. "वर्षातून एक दिवस हा रस्ता आपला वाटतो, तोही सोडायचा?" त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण ठरलं मी म्हटलं तसंच. दोन घरांनी रागावून वर्गणी देणं बंद केलं. मोकळ्या बाजूने स्कूटरवाले घुसायचे आणि काका स्वतः घसा फोडून त्यांना परत पाठवायचे.

तरी माझ्या मनातून भीती गेली नव्हती. पुन्हा असं झालं तर, पुन्हा जाम असला तर? घर म्हणजे सांगलीच, तिथेच बाबा सुखरूप राहतील, असं वाटून मी तिकडे फ्लॅट बघायला लागलो. एका सकाळी त्यांच्याजवळ विषय काढला.

"बाबा, परत जाऊया का? दवाखाना तिथे दारातच आहे."

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"दवाखाना आहे रे," ते म्हणाले. "पण दोर धरून मला न्यायला तिथे कोण आहे? गल्लीतली तुम्ही सगळी पोरं तर बाहेर गेलात."