पेशंट संपल्यावर

टीव्हीवरच्या जाहिरातीला उभं राहून, चष्मा सारखा करून, तोंडावर उत्तर देणारा माणूस अख्ख्या युरोपात एकच असेल, आणि तो दीड वर्ष आमच्या हॉलमध्ये राहत होता. हे माझे सासरे. फेब्रुवारी २०२० मध्ये ते अकोल्याहून आमच्याकडे आयर्लंडमधल्या कॉर्कला आले ते तीन महिन्यांसाठी. सोबत एक सुटकेस, त्यात दोन स्वेटर, लेकीसाठी मुगवड्यांचा डबा आणि का कोण जाणे, चार टाय. पुढच्याच महिन्यात जगाला कुलूप लागलं, विमानं बंद झाली, आणि सासरे टायसकट आमच्याकडे राहिले. मुगवड्या पहिल्या पंधरवड्यात संपल्या. निवृत्त माणूस आहे, खिडकीत बसून पाऊस बघेल आणि जेवायला हाक मारली की येईल, असा माझा अंदाज होता. जावई म्हणून माझा अभ्यास कमी पडला, एवढंच म्हणतो.

सासरे जन्मभर एमआर होते. म्हणजे औषधकंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारोदार फिरणारे प्रतिनिधी. अकोला, वाशीम, बुलढाणा असा त्यांचा मुलूख. मे महिन्यात जिथे कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, तिथे हा गृहस्थ गळ्यात टाय बांधून एसटीतून उतरायचा आणि दवाखान्याच्या बाकावर सगळ्यात शेवटी बसायचा. एमआरच्या धंद्याचा हा पहिला नियम: आधी पेशंट, सगळे पेशंट संपल्यावर आपण. मध्येच एखादं पोर तापानं फणफणून आलं तर ते पुढे, आपण पुन्हा मागे. दुसरा नियम याहून कडक: औषधाबद्दल बोलायचं ते फक्त डॉक्टरशी, पेशंटशी अक्षरही नाही. एकदा वाशीमला शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्यांच्या बॅगेतल्या रंगीत चित्रांकडे बघून विचारलं, माझ्या गुडघ्याला यातलं काही चालेल का. सासऱ्यांनी फाईल मिटली, बॅगेत घातली, बॅगेला कुलूप लावलं आणि बाईंना पाणी आणून दिलं. ही गोष्ट ते अशा स्वरात सांगत की एखाद्यानं मोह कसा जिंकला ते ऐकतोय असं वाटावं. तिसराही एक नियम होता, तो ते स्वतःचा म्हणून सांगत. डॉक्टरनं विचारलेलं माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं आणि पुढच्या खेपेला उत्तर घेऊन जायचं. या नियमापायी त्यांना बढती उशिरा मिळाली, असं माझ्या बायकोचं मत आहे.

आता असा माणूस आणि अमेरिकन टीव्ही यांची गाठ पडायला नको होती, पण त्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती आणि आमच्याकडे इंटरनेटवर तिकडचं बातम्यांचं चॅनल लागत होतं. आयर्लंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांची टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. इथल्या चॅनलवर फार तर खोकल्याचं सिरप दिसतं, तेही शेवटी लेबल वाचा म्हणून बजावतं. अमेरिकेत तसं नाही. तिकडे दर बातमीनंतर कोणीतरी एक आजार बरा झालेला माणूस पतंग उडवतो, आजी नाचतात, आजोबा भांडी घडवतात, आणि पाठीमागून एक मधाळ आवाज या गोळीनं यकृत निकामी होऊ शकतं असं सांगत राहतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सासरे खुर्चीतून उठले. चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "जावईबापू, हा माणूस मराची गोष्ट करून राह्यला, अन् ही बाई कायले हसून राह्यली?"

तिथून जुंपली ती जुंपलीच. निवडणूक कोण जिंकतंय यात त्यांना रस उरला नाही. बातम्या लागल्या की ते चहा करायला जात आणि जाहिराती लागल्या की कप घेऊन धावत बाहेर येत. जाहिरातीच्या शेवटी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" असं आलं की त्यांचा पारा चढायचा. डॉक्टरच्या डोक्यावरून उडी मारून थेट पेशंटच्या घरात शिरलात, सोफ्यावर बसलात, आणि आता डॉक्टरला विचार म्हणता, हा त्यांचा मूळ मुद्दा. तो ते टीव्हीला रोज नव्यानं समजावून सांगत. सगळ्यात मोठा राग एका रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होता. तिच्या जाहिरातीत एक पिकल्या केसांचा माणूस तळ्याकाठी सोनेरी कुत्र्याला चेंडू फेकतो आणि कुत्रं तो दरवेळी आणून देतं. त्याच वेळी मागचा आवाज रक्तस्रावाचे प्रकार सांगत असतो, तेही इतक्या घाईनं, की जणू आगगाडी सुटत असावी. सासरे टीव्हीसमोर उभे राहून म्हणत, "हळू बोल ना बाप्पा. हेच तर सांगाचं होतं."

घरावर याचा परिणाम झाला नसता तरच नवल. सासऱ्यांनी तो घाईचा आवाज उचलला आणि कशालाही लावायला सुरुवात केली. बायकोनं भजी तळली की ते ताट हातात घेऊन एका दमात छातीत जळजळ, ढेकर, पश्चात्ताप आणि क्वचित प्रसंगी दुसरं ताट, असे दुष्परिणाम म्हणून दाखवत. आमची आठ वर्षांची लेक मराठी सगळं समजते पण उत्तर कॉर्कच्या इंग्रजीत देते. तिनं हा खेळ आत्मसात केला आणि घरी चाललेल्या ऑनलाइन शाळेत गणिताच्या बाईंना सांगितलं की भागाकारानं चक्कर येऊ शकते, कृपया डॉक्टरांना विचारावं. बाईंनी मला फोन केला. बाई हसत होत्या, पण फोन केलाच.

माझी अडचण आणखी वेगळी. मी इथल्या एका औषधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि आमचा बराचसा माल अमेरिकेलाच जातो. म्हणजे सासरे ज्याला शिव्या घालत, त्यावरच आमच्या घराचा हप्ता चालतो. जेवताना ते मला साळसूदपणे विचारत, तुमच्या कारखान्यात जाहिरातीतली कुत्री पण तयार करतात का. मी वरणात लक्ष घालायचो.

पुढच्या वसंतात, निर्बंध जरा सैल झाल्यावर, आम्ही रोज फिरायला जाऊ लागलो. कॉर्क हे गाव चढावर वसलेलं आहे. तिथे सपाट जागा फक्त नदीला मिळाली आहे. चढणीवर सासरे थांबू लागले. थांबले की समोरच्या घराच्या दाराचा रंग छान आहे असं म्हणत. हळूहळू त्यांना प्रत्येक दाराचा रंग आवडायला लागला, तेव्हा बायकोनं तिचं हातावरचं घड्याळ काढून त्यांच्या मनगटाला बांधलं. घड्याळानं नाडी अनियमित असल्याचं सांगितलं. सासऱ्यांनी घड्याळ बिघडल्याचं सांगितलं. शेवटी लेकीनं "आजोबा, जस्ट गो, यू'ल बी ग्रँड", म्हणजे काही होत नाही तुम्हाला, असा हुकूम सोडल्यावर ते टाय बांधून डॉक्टरकडे यायला तयार झाले.

करोनामुळे पेशंटसोबत आत जायला बंदी होती. मी गाडीत बसलो. आमच्यानंतर आलेली एक बाई आत गेली आणि औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. मग एक काठीवाले आजोबा. मग रडणारं बाळ घेऊन एक तरुण बाप. माझा जीव वरखाली व्हायला लागला. आत काय चाललंय, दुसरीकडे तर नाही ना हलवलं. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला. इकडे कोणाही पुरुषाला "युअर मॅन" म्हणतात. बाई अगदी हळुवारपणे म्हणाल्या की युअर मॅन फार सज्जन आहे, पण नाव पुकारलं की उठतो, शेजारच्याला हात दाखवून आत पाठवतो आणि परत शेवटच्या खुर्चीत जाऊन बसतो. आता वेटिंग रूममध्ये कोणी उरलेलं नाही, तरी तो दाराकडे बघत बसलाय.

मी बाईंना फोन त्यांच्या हातात द्यायला सांगितला आणि म्हटलं की बाबा, आज तुम्हीच पेशंट आहात. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हो. ते लक्षातच नाही आलं."

पुढे हॉस्पिटल, ईसीजी, सगळं झालं. हृदयाचे ठोके लय सोडून पडत होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू, आणि ते टाळायला गोळी रोज, कायमची. संध्याकाळी मी फार्मसीतून गोळ्या आणल्या. सासऱ्यांनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि खोकं टेबलावर ठेवलं, जरा लांब. तळ्याकाठच्या कुत्र्याची गोळी होती.

ती त्यांनी घेतली नाही. आधी मला गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी राग आला आणि नंतर भीती वाटायला लागली. मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. ते शांतपणे म्हणाले, तुम्ही माल बनवणारे, तुम्ही चांगलंच म्हणणार. डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तर त्यांच्याशी अदबीनं बोलले आणि खोकं प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, हळदीच्या बरणीमागे ठेवून दिलं. बायको रडली. तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "पोरी, वर्षभर मी त्या गोळीले खोटी म्हटलं. आता छातीत धडधडलं म्हणून खरी म्हणू का?" हा हट्ट होता, आणि त्याच्या मागे भीती होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण हट्टाशी भांडता येतं, आणि आम्ही चुकीचं भांडत होतो.

रविवारी सकाळी मी खाली आलो तर बायको हॉलच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेली. गळ्यात बापाचा निळा टाय, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मी काही विचारणार तर तिनं बोट ओठावर ठेवलं. आत सासरे नातीला मोडकंतोडकं बुद्धिबळ शिकवत होते. डाव संपला. मग त्यांचा चहा झाला. मग मी आत जाऊन मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तेही झालं. ती बसून होती. लहानपणी रोज सकाळी आरशासमोर तालीम करणाऱ्या बापाचं बोलणं दात घासता घासता ऐकलेली मुलगी ती. शेवटी सासऱ्यांचं लक्ष दाराकडे गेलं. टायकडे गेलं. मग त्यांनी नातीला बाहेर जायला सांगितलं, खुर्चीत ताठ बसले आणि पोटच्या लेकीला म्हणाले, "या. बसा."

"गुड मॉर्निंग सर. एकच मिनिट घेते."

तिनं खोकं समोर ठेवलं. कुत्रं नाही, तळं नाही, हसू नाही. जाहिरातीतला आवाज जे घाईत उरकायचा ते तिनं सगळ्यात आधी आणि सावकाश सांगितलं. रक्तस्राव होऊ शकतो, पडलात तर कळवायचं, दाताच्या डॉक्टरला आधी सांगायचं, मनानं बंद करायची नाही. मग ही गोळी काय करते ते. मग काय करत नाही ते. सासरे खालमानेनं ऐकत होते. जन्मभर डॉक्टर घड्याळाकडे बघत त्यांचं ऐकायचे. आज त्यांनी स्वतः घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांनी किडनीचं विचारलं, तिनं सांगितलं. ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर चालते का विचारलं, तेही तिनं सांगितलं. मग त्यांनी मान वर केली.

"पेशंट विदर्भातला हाये. संत्र्याचं काय?"

बायकोनं टाय जरा सैल केला, पुन्हा घट्ट केला.

"माहीत नाही सर," ती म्हणाली. "विचारून सांगते."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टेबलावरचं खोकं स्वतःकडे ओढलं. आणि आयुष्यभर डॉक्टरच्या तोंडून जो शब्द ऐकण्यासाठी ते बाकाच्या टोकाला बसले होते, तो त्यांनी उच्चारला.

"लिहितो."

ती रडायला लागणार एवढ्यात पुढे म्हणाले, "सॅम्पल ठेवून जा. अन् पाणी आण."

सोमवारी तिनं फार्मसीत फोन करून विचारलं. संत्री चालतात. टीव्हीशी भांडण मात्र थांबलं नाही. गोळी घेता घेता ते कुत्र्याला शिव्या घालत आणि वर मला सांगत की गोळी चांगली आहे, जाहिरात नालायक आहे, दोन्ही खरं असू शकतं.

विमानं सुरू झाल्यावर शरदात ते परत निघाले. आम्ही डब्लिनच्या विमानतळावर सोडायला गेलो. टाय बांधलेला, खिशात गोळ्या. तपासणीच्या रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी मागच्या लेकुरवाळीला हात दाखवून पुढे काढलं. मग एका म्हाताऱ्या जोडप्याला. मग एका धडधाकट पोराला, ज्याचं कसलंच काही दुखत नव्हतं. बायको दोरीच्या अलीकडून हसत होती आणि डोळे पुसत होती. दीड वर्ष या माणसानं आम्हाला प्रत्येक दुकानाच्या रांगेत ताटकळत ठेवलं होतं आणि दरवेळी मी मनातल्या मनात चरफडलो होतो. त्या दिवशी रांग संपत आली, मागे कोणीच उरलं नाही, आणि सासऱ्यांनी आमच्याकडे बघून हात वर केला. मी मागे वळून पाहिलं. आणखी कोणी पेशंट येतोय का, ते बघत होतो.