चंद्रावरची चिखलणी

भातखाचरात पाणी सोडून, माती कालवून सपाट करायची चिखलणी सुरू झाली, की त्या ओल्या वासाने मला भाजे गावच्या शाळेचं पटांगण आठवतं. हिवाळ्यातल्या शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी पुण्याहून एक सर चंद्र दाखवायला दुर्बीण घेऊन आले होते. मी तेव्हा शेतमजूर बायांच्या वतीने 'आम्हालाही शिकवा' अशी पत्रकं लिहायचे; तशीच पत्रकं वाटून मी त्या बायांनाही बोलावलं होतं, त्यामुळे मजुरीला जाणारी माझी आई कामावरून थेट आली. सर म्हणाले, "मावशी, पटकन बघा, मुलं थांबलीत. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही." मी भांडायला पुढे झाले, तर आईने माझा हात दाबला आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ती हलली नाही. मग म्हणाली, "ह्यो काळा खड्डा आतनं चिखलणी केल्यावानी सपाट हाय. खड्डा आदी पडला असंल, पातळ कायतरी मागनं भरलं." सरांनी विचारलं, "कशावरून?" "मधल्या धोंड्याचं निस्तं टोक वर हाय, बाकी बुडालाय. आमाला असलं धोंडं ठेच लागून ठावं हायती, सर." बाया हसल्या. सरांनी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं, मग मुलांना म्हणाले, "लाव्हा भरला होता तिथे. मावशींनी बरोबर ओळखलं." मी आजही पत्रकं लिहिते, पण 'आम्हालाही शिकवा' अशी विनवणी त्या संध्याकाळनंतर एकाही पत्रकात केलेली नाही.