अठ्ठावन्न पूर्ण

विधानसभा निवडणुकीच्या वर्षी, मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी, सोलापुरातल्या एका शिक्षण संस्थेचा मोटारचालक नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाला. वय अठ्ठावन्न. निरोपाची शाल घालणारे संस्थेचे अध्यक्ष ब्याऐंशी वर्षांचे होते. शाल घालायला ते उठले, तेव्हा त्यांचा कोपर नेहमीप्रमाणे मोटारचालकानेच धरला.

"नव्या पिढीसाठी जागा मोकळी करावी लागते," असे अध्यक्ष भाषणात म्हणाले. मी बातमीसाठी ते टिपून घेतले. अध्यक्ष पाच वेळा आमदार झाले होते आणि सहाव्यांदा उभे राहणार होते. सभागृहात कोणी हसले नाही. त्या संस्थेत हसायलाही सेवाज्येष्ठता लागते.

मोटारचालकाने दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती. मुलगी नर्सिंगला होती, तिची दोन वर्षे राहिली होती. तो अर्ज समोर आला तेव्हा मी मुलाखतीसाठी अध्यक्षांच्या केबिनमध्येच होतो. त्यांनी तो भिंग धरून वाचला.

"साठीकडं झुकला की माणसाची नजर जाते," ते म्हणाले. "गाडी चालवणं जबाबदारीचं काम आहे." आणि अर्ज नामंजूर केला. सही कुठे करायची ते लिपिकाने बोट ठेवून दाखवले. मुलाखतीचा विषय जिल्ह्याची पुढची पंचवीस वर्षे हा होता.

आमच्याकडे पुढाऱ्याचे निम्मे काम सांत्वनाला जाणे हे असते. लग्न चुकले तर लोक समजून घेतात, दुखवटा चुकला तर पुढच्या मतदानापर्यंत लक्षात ठेवतात. त्यासाठी मोटारचालकाने एक वही केली होती. गाव, घर, कोण गेले, मागे कोण आहे. गाडी दारात लावता लावता तो हळूच सांगायचा, "सायेब, हितं थोरली सून गेलीया. सासऱ्याला कमी ऐकू येतंय, जवळ बसा." अध्यक्षांच्या अफाट स्मरणशक्तीवर मी तीन लेख लिहिले होते. त्याच गाडीत मागच्या सीटवर बसून हे ऐकत असूनही लिहिले होते.

निवृत्तीच्या दिवशी त्याने चाव्या, जॅक आणि ती वही कार्यालयात जमा केली. लिपिकाने 'वही, एक नग' अशी नोंद करून ती कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले.

जुलैत अध्यक्ष मोडनिंबला एका घरी सांत्वनाला गेले. नवा चालक चाळिशीचा, गाडी उत्तम चालवणारा. त्याने दार उघडले आणि तो गप्प उभा राहिला. अध्यक्ष आत गेले, घरातल्या कर्त्या मुलाचा हात त्यांनी हातात घेतला.

"तुझे वडील म्हणजे माझा उजवा हात. तालुका पोरका झाला रे."

समोरच्या खाटेवरून आवाज आला. "मी हितं हाय की, सायेब. गेला तो माजा धाकटा भाऊ."

पाच वेळा निवडून आलेला माणूस असा अडकत नाही. अध्यक्ष खाटेकडे वळले. "तब्येतीला जपा. आता वय झालं तुमचं."

"झालं की," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर सरपंचकी सोडून ईस वर्सं झाली. तुमचं कसं काय?"

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात 'ज्येष्ठांची आस्थेने विचारपूस' या मथळ्याखाली चार ओळी आल्या. मीच लिहिल्या होत्या.

त्याच आठवड्यात संस्थेतून मोटारचालकाला निरोप गेला. गाडी चालवू नको, नुसता पुढे बसत जा. तो मला सात रस्ता चौकात भेटला तेव्हा निवृत्तीनंतर चालवायला घेतलेली शाळेची व्हॅन पुसत होता.

"मी म्हनलं, पत्र द्या, येतो. पोरीचं शिक्शान हाय माज्या मागं, नुसतं बसून कसं भागंल? दोन वर्सांचं पत्र द्या."

"मग?"

"इचारून सांगतो म्हनले."

पत्राबद्दल मी अध्यक्षांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "एकाला सवलत दिली, तर उद्या सगळी म्हातारी दारात येऊन बसतील. नियम म्हणजे नियम." हा नियम त्यांच्याच अध्यक्षतेखाली एकमताने मंजूर झाला होता. त्या सभेचीही बातमी मीच केली होती.

निवडणूक लागली. उमेदवारी अर्जात वय लिहावे लागते, ते पंचवीस वर्षे पूर्ण झाली आहेत की नाहीत एवढे पाहण्यासाठी. अध्यक्षांनी ब्याऐंशी लिहिले. छाननीत अर्ज वैध ठरला.

मोटारचालकाला पत्र मिळाले नाही. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. तो सकाळी साडेसहाला भवानी पेठेतून व्हॅन काढतो. वही संस्थेच्या कपाटात आहे.