पारवा रंग आणि खुराड्याची कडी

गल्लीत त्यांना सगळे पारवे मास्तर म्हणत. मास्तर, कारण शिंपीकाम. आणि पारवे, कारण त्या एका रंगापुढे या माणसाला दुसरं जगच नव्हतं. कापडाला जुळणारा दोरा ते शंभर रिळांतून एका नजरेत उचलत. अशा माणसाला बावीस वर्षं कोंबड्यांचा एक रंग जुळवता येऊ नये, म्हणजे नशिबाने थट्टाच मांडली म्हणायची.

कोंबड्या देखण्या होत्या, यात वाद नाही. अंगभर पारवा रंग आणि प्रत्येक पिसाला गडद काठ, अगदी बेतून शिवल्यासारखा. कोंबड्या पाळणाऱ्यांच्या मंडळाचा नियम असा, की ओळीने तीन पिढ्या सगळी पिल्लं एकाच रंगाची निघाली तर त्या जातीची नोंद पाळणाऱ्याच्या नावाने होते. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे आपलं नाव राहायला त्यांना एवढी एकच जागा दिसत होती.

म्हणून ते पारव्या कोंबडीला पारवाच कोंबडा ठेवत. तरी अंडी फुटली की घोटाळा ठरलेला. निम्मी पिल्लं पारवी. बाकीच्यांत काही काळीकुट्ट, तर काही मळक्या पांढऱ्या अंगावर शाई शिंपडल्यासारखी. मास्तर कपाळावर हात मारून घेत आणि बायकोकडे वळत. "तू कडी लावली नव्हतीस. बाहेरचा कोंबडा आत शिरला."

पहिल्या वर्षी ती म्हणाली, "अहो, लावली होती." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "लावली होती असं वाटतंय." तिसऱ्या वर्षापासून ती काही बोललीच नाही. दिवसातून दहादा उठून खुराड्याची कडी हलवून बघायची. माहेरी गेली तरी मुक्काम करायची नाही, संध्याकाळच्या गाडीने परत.

नापास पिल्लं मास्तर दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे पाठवून देत. ताईला रंगाशी काय करायचंय? तिला अंड्यांशी मतलब. एक दिवस तिचा निरोप आला, येऊन बघ म्हणून. मास्तर गेले. अंगणात अकरा पिल्लं, आणि अकराच्या अकरा पारवी! बाप मास्तरांनीच हाकललेला काळा कोंबडा, आई तशीच हाकललेली शाईच्या शिंतोड्यांची कोंबडी.

"ताई, खरं सांग, माझा पारवा कोंबडा कधी नेलास?"

"मी कशाला नेऊ? डोकं फिरलंय का तुझं?"

मास्तरांनी दोन पिल्लं टोपलीत घातली, टोपली बायकोच्या हातात दिली आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, पारवा हा धड रंगच नाही. तो अर्धवट विटलेला काळा आहे. विटवणारा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला तर पिल्लू पारवं, दोघांकडून आला तर शिंतोड्यांचं, कुणाकडूनच आला नाही तर काळं. पारव्याला पारवं लावलंत की तिन्ही निघणारच."

"आणि ताईकडची?"

"काळ्याला शिंतोड्यांची मिळाली, म्हणून सगळी पारवी. पण त्यांची पिल्लं पुन्हा तीन रंगांची."

"म्हणजे तीन पिढ्या..."

"तीन सोडा, दोनसुद्धा नाहीत. इथे तुमचंही काही चालणार नाही आणि माझंही."

मास्तरांनी टोपलीतल्या पिल्लांची पिसं उलटून पाहिली. शिवण चुकली तर उसवता येते, इथे उसवायचं तरी काय? बावीस वर्षं पाण्यात गेली होती आणि ज्याच्यावर ओरडावं असं कुणी समोर नव्हतं.

बायको इतका वेळ टोपली धरून उभी होती. तिने हळूच विचारलं, "डॉक्टर, मग कडीचा काही संबंध नाही?"

"कसली कडी?" डॉक्टर म्हणाले.

घरी येईपर्यंत वाटेत मास्तरांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. घरी पोचताच बायकोने टोपली ओट्यावर ठेवली आणि ती थेट खुराड्यापाशी गेली. कडी हलवून बघितली.

"राहू दे गं आता," मास्तर कसेबसे म्हणाले.

"हात आपोआप जातो." ती कडीकडेच बघत होती. मग म्हणाली, "आई शेवटच्या दुखण्यात म्हणत होती, आजची रात्र तरी राहा. मी म्हटलं, नको, कडी उघडी राहील."