गावातलं एक मत

मी लहानाची मोठी झाले भद्रावतीला, कारखान्याच्या कॉलनीत. निवडणूक आली की माझे वडील क्वार्टरच्या पायरीवर बसून शेजाऱ्यांशी भांडायचे. त्यांचं एकच पालुपद, निशाणी पाहू नका, माणूस पाहा. शेजारी म्हणायचे, एकटा माणूस काय दिवे लावणार, पक्ष पाहा. चहा गार व्हायचा, पण हटायचं कोणी नाही. मी वडिलांच्या बाजूची. कॉलेजात याच विषयावर भाषण ठोकून मी पहिला नंबरही मिळवला होता. तो कप माहेरी टीव्हीवर ठेवलेला होता आणि मला त्याची मिजास होती, हे आधीच सांगते.

लग्न होऊन आले ती पोंभुर्ण्याकडच्या एका जंगलालगतच्या गावात. इथं असला वाद घालायला कोणाला वेळच नव्हता. प्रत्येक घराला जसं आडनाव, तशी निशाणी. आमच्या घरची निशाणी आजेसासऱ्यांच्या काळापासून ठरलेली. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, हे गावातले पक्षाचे माणूस. मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट म्हणून शाळेच्या खोलीत तेच बसायचे. उमेदवार कोण आहे हे ते सगळ्यात शेवटी विचारायचे, आणि एखाद्या वेळी तर विचारायचेही नाहीत. म्हणायचे, "उमेदवार येते अन् जाते, पोरी. निशाणी कुठी जाते?" मी पदर तोंडाला लावून हसायची. अडाणीपणा वाटायचा मला तो.

गावात एक भाभी होती. राजुऱ्याच्या एका मुसलमान टेलरची बायको. नवऱ्यानं इथं बसस्टॉपजवळ दुकान टाकलं, दुकान चाललं, मग तो एकाएकी वारला. मूलबाळ नव्हतं. सासरचे लोक न्यायला आले तर ती गेली नाही. त्याच मशीनवर बसली आणि गावाचे ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवू लागली. मी येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी दुपारी तिच्याकडे शिवण शिकायला जायची. खरं तर शिवण हे निमित्त, मला सासरघरातून तासभर सुटका हवी असायची, आणि ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पण भाभीची खरी कामगिरी शिवणाची नव्हती, कुऱ्हाडींची होती. आमच्याकडे बायका सरपणाला जंगलात जातात. कोणी ओलं झाड तोडताना सापडली, किंवा नुसती सापडली, तरी जंगलखात्याचा गार्ड कुऱ्हाड काढून घेऊन रेंज ऑफिसात जमा करायचा. कुऱ्हाड गेली की चूल अडते, कुंपण अडतं, सगळंच अडतं. पुरुषमाणसं जायला कचरत, कारण गेलं की चार अपमान ऐकावे लागत. भाभी जायची. बसनं जायची, ऑफिसच्या फाटकाशी उभी राहायची, साहेब हाकलायचा, ती पुन्हा उभी राहायची. संध्याकाळच्या बसमधून उतरताना तिच्या काखेत फडक्यात बांधलेल्या कुऱ्हाडी असायच्या. माझ्या पहिल्याच वर्षी हौसेनं मी बायकांबरोबर गेले आणि आमच्या घरची कुऱ्हाड घालवून बसले. मामाजी म्हणाले, पक्षाच्या लोकांना सांगतो. पक्षाचे लोक म्हणाले, बघतो. ते बघत राहिले आणि कुऱ्हाड भाभीनं आणली. साहेबाला काय म्हणालात, असं मी विचारलं तर म्हणाली, "काई नाई व. उभी राह्यली. माणूस किती वेळ दुसरीकडं पाहीन?"

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमची जागा महिलांसाठी राखीव निघाली. पक्षानं तालुक्याच्या एका ठेकेदाराच्या बायकोला उभं केलं. ती बाई जीपमधून एकदा आली, हात जोडले, भाषण नवऱ्यानं केलं. तिचा आवाज आम्ही आजतागायत ऐकलेला नाही. आणि अपक्ष म्हणून भाभी उभी राहिली. उभी केली असं म्हणायला हवं. गावच्याच बायकांनी गळ घातली, त्यात मी सगळ्यात पुढे. तुम्ही निवडून आलात तर फाटकाशी उभं राहायला नको, साहेबासमोर खुर्चीवर बसून बोलाल, असं मीच तिला म्हणाले होते. माझं भाषण तयारच होतं ना कॉलेजपासूनचं. तिला शिलाई मशीन ही निशाणी मिळाली. ती ऐकून भाभी लहान पोरीसारखी हसली.

ती घरोघर हिंडली. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी एकच उत्तर, "भाभी, हे काय सांगाचं काम हाय का? तुमचंच हाय मत." आमच्या ओसरीवर आली तेव्हा मामाजी तेवढे म्हणाले, "बाई, मी खोटं नाई बोलत. माह्यं मत माह्या निशाणीले हाय." मला त्यांची लाज वाटली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि हळूच म्हणाले, त्यांचं सोडा, माझं तुम्हालाच. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मतदानाच्या दिवशी सकाळी पक्षाचा ट्रॅक्टर आला. आमचं टोक शाळेपासून लांब, म्हणून आमच्या आळीच्या सगळ्या बाया त्यात बसल्या. पक्षाचा एक पोरगा धक्के सांभाळत उभ्यानं सांगत होता, पहिलं यंत्र जिल्हा परिषदेचं, दुसरं पंचायत समितीचं, दोन्हीकडे आपलीच निशाणी. मध्येच कोणीतरी भाभीचं नाव काढलं. तो म्हणाला, "केलं असन तिनं. पण बाहेरची ते बाहेरचीच." बाहेरची म्हणजे काय, ते ट्रॅक्टरमधल्या प्रत्येकीला कळलं. मी गावात येऊन चार वर्षंही झाली नव्हती आणि मला कोणी कधी बाहेरची म्हटलं नव्हतं. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी पदर सारखा केला.

आत गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी एकटी होते. शिलाई मशीन सगळ्यात खाली होतं, स्पष्ट दिसत होतं. मनात एवढंच आलं की सगळं गाव तर तिला देतंच आहे, माझ्या एका मतानं तिचं काय अडतंय? आणि मामाजी तिथं चार हातांवर बसले होते, पंगतीत वाढताना पाहावं तसे पाहत. मी घरची निशाणी दाबली. यंत्र वाजलं. बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

आमच्या गावाला एक गोष्ट माहीत नव्हती. आमच्याकडे यंत्र पहिल्यांदाच आलं होतं. आधी कागदाची मतं असायची, मोजताना चार गावच्या पेट्या एकत्र ओतायचे, कोणत्या गावानं काय केलं ते देवालाही कळत नसे. त्या आडोशाला आम्ही सोकावलो होतो. यंत्र मात्र ज्या गावचं, त्या गावचा आकडा वेगळा सांगतं. मतमोजणीहून मामाजी गुलाल लावून आले. ठेकेदारीण निवडून आली होती. लोक जमले. मामाजी म्हणाले, "आपल्या गावातून भाभीले एक मत."

कोणी हसलं नाही. एक म्हणजे किती, असंही एका म्हातारीनं विचारलं. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्याच जणी इकडेतिकडे पाहत होत्या. प्रत्येकीनं दुसरीच्या भरवशावर तिला निवडून आणलं होतं.

रात्रभर मला त्या एका मतानं छळलं. कोणाचं असेल ते? भाभीचं स्वतःचं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. तिचं नाव राजुऱ्याच्या मतदारयादीत होतं, दर निवडणुकीला ती आदल्या दिवशीच्या बसनं तिकडे जायची, हे सगळ्या गावाला पाठ होतं. म्हणजे कोण्या एका घरात तरी शब्द पाळला गेला होता. आणि तो शब्द पाळणारी कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी मी पेटीतला एक ब्लाउजपीस काढला. गरज नव्हती. काखेत मारून मी भाभीकडे गेले. ती अंगण झाडत होती. मला पाहून तिनं झाडू ठेवला. तिचा चेहरा उतरलेला होता, डोळे सुजले होते. मी सांगणार होते, जे केलं ते सांगणार होते, देवाशपथ. पण तो चेहरा पाहिला आणि तोंडातून निघालं, "भाभी, ते एक मत माझं होतं."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले. "मले वाटलंच होतं," म्हणाली. "बस झालं व मले. एकीनं तर देल्लं." तिनं माप घेतलं, आणि घेताना ती गुणगुणत होती. मी घरी आले ती जवळजवळ खुशीत. तिला बरं वाटलं ना, मग झालं, असं स्वतःला समजावत.

त्या दिवशी गावाला ब्लाउजांचा पूर आला. दुपारी आमच्या ओट्यावरून मी पाहत होते, एकामागून एक बाया बसस्टॉपकडे जात होत्या, प्रत्येकीच्या हातात कापडाची घडी. ज्यांच्या घरी सणालाही नवं कापड येत नाही त्यांनी जुनं उसवून नेलं. खाई त्याला खवखवे. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाईसुद्धा जाऊन आल्या.

संध्याकाळी जेवताना आत्याबाईच बोलल्या, "मी सांगून आली भाभीले. ते मत माह्यं होतं म्हनून."

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "तुवं होतं?" ते म्हणाले. "चौकात तिघी जणी हेच सांगून राहिल्या होत्या. कायले खोटं बोलता व? ते मत तिचं सोताचं होतं. औंदा नाव इकडंच करून घेतलं तिनं. दुपारी सारे लोक जेवाले गेल्ते तवा आली. माह्यासमोर बोटाले शाई लावली. मत टाकलं, मले हात जोडले, गेली." मग म्हणाले, "मी नाई देल्लं. पन देल्लं असं सांगाले तिच्या दारात गेलो नाई."

आत्याबाई उठून चुलीकडे गेल्या. मी ताटाकडे पाहत बसले. ज्या माणसाला मी चार वर्षं निशाणीचा बैल समजत होते, त्याच्यासमोर मला मान वर करवेना.

ब्लाउज आणायला मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. बसस्टॉपवर जायचं तर मागच्या पांदीतून फिरून जायची. शिवण सुटलं. शेवटी भाभीनंच आत्याबाईंकडे निरोप दिला, सुनेचं कापड तयार आहे म्हणून. गेले. तिनं ब्लाउज घडी करून ठेवला होता. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिचा राग दिसला असता तर बरं झालं असतं, पण तोही दिसेना. मी उभ्यानंच म्हणाले, "भाभी, तुम्हाला तर माहीत होतं. मग तेव्हाच का नाही माझं थोबाड फोडलंत?"

ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "कुठी माहीत होतं? तू सगळ्यात आधी आल्ती. तू म्हनली तवा मले खरंच वाटलं. म्हटलं, हिनं देल्लं, म्हंजे माह्यंच बटन नीट दाबल्या गेलं नाई. यंत्राची सवय नाई ना आपल्याले." दोऱ्याला गाठ मारली. "मंग दुसरी आली. तिनंबी तेच म्हटलं. तवा समजलं, ते मत माह्यंच होतं."

ब्लाउज घेतला. दाराशी पोचले तेव्हा तिनं मागून हाक मारली. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"बाकीच्यायचं नाई लागलं मले काई," ती म्हणाली. "त्या आल्या तवा मले माहीत होतं."