बाईच्या हातचे गोटे

मी हायस्कूलला इतिहास शिकवते आणि माझं म्हणणं सहसा खरं निघतं. घरच्यांची तक्रार हीच आहे.

संग्रामपूरजवळच्या आमच्या वावरात दिरानं शेततळं खोदायला घेतलं. पुरुषभर खोल, निव्वळ काळ्या मातीत गोट्यांचा एक ढीग लागला. पाहताक्षणी मी म्हणाले, "हे आदिमानवानं फेकायला वेचून ठेवलेत. हलवू नका." दीर हसला. त्याला नव्या गोठ्याच्या पायाभरणीला दगड हवे होते आणि ट्रॅक्टरची ट्रॉली बांधावर उभी होती. एकदा का ते गोटे सिमेंटखाली गेले, की संपलंच.

"वहिनी, पुस्तकं वाचू वाचू तुमाले जिथंतिथं आदिमानवच दिसते. पुरात वाह्यत आलेले गोटे हायेत हे."

मला भयंकर राग आला, पण पुरावा काय देणार? शेवटी दोघांनी मिळून सासूबाईंना बोलावलं. ज्वारी राखताना माळ्यावर उभं राहून त्यांनी जन्मभर गोफण चालवली आहे. गोट्यांतलं त्यांच्याइतकं आमच्या घरात कोणालाच कळत नाही.

सासूबाई खड्ड्यात उतरल्या. एक गोटा उचलला, तळहातावर झेलला, खाली ठेवला. मग दुसरा, तिसरा. एकही बाजूला टाकला नाही.

"पूर काय निवडून आणते काय रे?" त्या दिराला म्हणाल्या. "लहान नाही, मोठा नाही, चपटा नाही. वेचेल हायेत. अन् बाईनं वेचेल हायेत. तुह्या पंज्यात ठिवून पाह्य, लहान पडते."

पुस्तकातल्या चित्रात गोटा कायम दाढीवाल्याच्या हातात असतो. मी इतकी वर्षं तेच चित्र फळ्यावर काढत आले.

वर येऊन सासूबाईंनी एक गोटा नुसत्या हातानं बांधावरच्या बाभळीवर भिरकावला. तो खोडावर ठक्कन आदळून कपाशीच्या पऱ्हाटीत गेला. दिरानं ट्रॉली परत पाठवली.

"आता तो गोटा धुंडा," सासूबाई म्हणाल्या. "तिचा ढीग पुरा पाह्यजे."

आम्ही दोघांनी पऱ्हाटी पालथी घातली. गोटा मिळाला नाही. तेव्हा त्या माळ्यापाशी गेल्या, स्वतःच्या राखून ठेवलेल्या गोफणगोट्यांतला एक निवडला आणि आणून त्या ढिगावर ठेवला.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मी त्यांना अडवायला हवं होतं. नाही अडवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर त्यांचा गोटा कोणता ते मलाच ओळखता येईना.