उंच टायरवाला

कुणाचीही गाडी माझ्या दुकानासमोर थांबली की तो आधी तिच्या टायरला लाथ घालायचा. नमस्कार नाही, ओळख नाही. लाथ घालायची, मान कलती करून आवाज ऐकायचा आणि गाडीच्या मालकाला सांगायचं, "हवा हाय, पर उंची न्हाय." लाथ घालून हवा कळत असती तर आम्ही टायरवाल्यांनी गेज कशाला विकत घेतला असता, हे मी त्याला अनेकदा विचारलं. त्यावर तो माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच अडाणी.

होटगी रोडला माझं टायरचं आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. समोरच्या लिंबाखाली भाड्याच्या पिकअप उभ्या असतात. त्यातली एक त्याची. तो मंद्रूपच्या बाजूचा. धनगरांच्या शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायच्या, न विकलेल्या परत आणायच्या, हा त्याचा धंदा. अंगाने बुटका, मिशी मात्र अंगाला न शोभणारी. आणि कपडे पांढरेशुभ्र. दिवसभर मेंढरं वाहणाऱ्या माणसाने पांढरं का घालावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या सदऱ्यावर सगळा बाजार उमटलेला असायचा. सकाळी पुन्हा पांढरा. त्याच्या बायकोची मला दया यायची.

तुमच्याही ओळखीत असा एकजण असणारच. कशातलं काही कळत नाही, पण सल्ला सगळ्यातला. चूक झाली की ती कायम दुसऱ्याची. गाडी सुरू झाली नाही तर बॅटरीवाला चोर, वाट चुकली तर वाट सांगणारा आंधळा. आपण अशा माणसांची थट्टा करतो आणि ती दिसली नाहीत तर करमत नाही म्हणतो. मला मात्र तो दिसला नाही की बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

एका पावसाळ्यात कॅनॉलच्या कच्च्या वाटेवर त्याची पिकअप काळ्या मातीत पोटावर बसली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढली, पण काढताना "पाळण्यातली गाडी" म्हणून हसला. तो शब्द ह्याच्या मनाला लागला. त्यात मोबाइलवर कुण्या बड्या घरच्या पोराची हत्तीएवढ्या टायरांची गाडी पाहिली. दुसऱ्या दिवशी हजर.

"मालक, मोठी टायर टाकायची. डबल उंच."

मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नीट समजावलं. असं समजावणं हा माझा मूर्खपणा, पण धंद्याची सवय. म्हणालो, चिखलात गाडी टेकणार नाही, खड्डे कमी लागतील, एवढा फायदा आहे. नाही म्हणत नाही. पण चाक मोठं झालं की इंजिनाला ते फिरवायला जोर जास्त लागतो, चढाला गाडी दमते, डिझेल जास्त पिते. स्टिअरिंग जड होतं. पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतं. ब्रेक तेच जुने, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माल उंचावर जातो, गाडी वळणाला कलते. पोती असती तर बांधता आली असती. मेंढरं बांधणार कशी?

त्याने चहा संपवला, मिशी पुसली.

"आन् दिसती कशी ते सांगा की?"

"कशी म्हणजे?"

"रुबाब! उंचीला मान असतोय, मालक. लई मान असतोय."

मी टायर बसवायला नकार दिला. त्याने शहरात दुसरीकडून बसवून घेतली आणि मुद्दाम माझ्या दारात गाडी आणून उभी केली. गाडी उंच झाली होती खरी. पण हा तेवढाच राहिला होता. दाराचा दांडा धरून, एक पाय टायरवर ठेवून, नारळाच्या झाडावर चढावं तसा तो आत चढायचा. स्टँडवरचे ड्रायव्हर टाळ्या वाजवायचे आणि त्याला ते कौतुक वाटायचं.

मग एकेक सुरू झालं. पहिल्यांदा आला तो मडगार्ड घासतंय म्हणून. मी म्हणालो, सांगितलं होतं. तो म्हणाला, "मडगार्डच वाकडं दिलंय कंपनीनं." मग स्टेपनी जागेवर बसेना, म्हणून ती मागे हौद्यात टाकली, मेंढरं तिच्यावर उभी राहू लागली. मग एक दिवस भलत्याच खुशीत आला.

"मालक, तुमी लई घाबरवत हुता. गाडीचं तर आयुष्य वाढलं की!"

"ते कसं?"

"आदी जेवढं किलोमीटर मीटरवर पडायचं, त्याच वाटेला आता कमी पडतंय."

मी कपाळावर हात मारला. बाबा, मीटर चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं, म्हणून एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटर कमी दाखवतं म्हणून वाट कमी होत नाही. आणि वेगाचंही तसंच. काटा पन्नासवर दिसला तरी गाडी त्याहून जोरात असते. हे मी त्याला बोटाने हवेत चाकं काढून सांगितलं. तो म्हणाला, "तुमी मीटर बगा, मी रस्ता बगतो."

सगळ्यात मोठा तमाशा मेंढरांचा. आधी पाठचं फाळकं पाडलं की मेंढरं आपोआप उडी मारून हौद्यात जायची. आता एकही चढेना. पुढचं मेंढरू जागीच थबकायचं आणि त्याच्यामागे सगळा कळप थबकायचा. ह्याने एक लांब फळी केली. फळीवरून मेंढरं घसरायची, ह्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर यायची. धनगर म्हणायचे, "आरं, शिडी लाव की!" तरी धंदा चालू राहिला, कारण त्याचं भाडं वाजवी होतं आणि तो सांगितल्या वेळेला यायचा. हे त्याचं चांगलं होतं, तेही सांगायला हवं.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका म्हाताऱ्या धनगरणीची मेंढरं कुणाच्या शेतात लेंडीखतासाठी बसवायची होती. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा वारलेला, मुलगा मोठा कळप घेऊन इंडीच्या बाजूला गेलेला. चालू न शकणारी जुनी मेंढरं आणि कोकरं तेवढी पिकअपमध्ये घालून ती निघाली. ह्याने तिला पुढे केबिनमध्ये बसायला सांगितलं. तिने पाय उचलून बघितला. पोहोचेना. दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, "राहू दे लेकरा, मी मागं बसते, माज्या मेंढरांत." आणि मेंढरांच्याच फळीवरून ती हौद्यात चढली.

भर दुपार, कोरडा रस्ता, समोर कुणी नाही. कॅनॉलच्या पुलाजवळच्या वळणावर तो नेहमीच्या काट्यावर वळला, म्हणजे नेहमीपेक्षा जोरात. मेंढरं सगळी एका अंगाला गेली. गाडी आधी दोन चाकांवर आली आणि मग ज्वारीत आडवी झाली. तीन-चार कोकरं गेली. आक्काचा हात मोडला आणि खुबा. हा दार वर करून बाहेर निघाला, कोपर खरचटलेलं.

दोन दिवसांनी स्टँडवर आला तेव्हा काय म्हणाला असेल? "मेंढरं एका अंगाला पळाली, तितं मी काय करू?"

मी दुकानातून उठून गेलो. एवढ्या लोकांसमोर मी कधी कुणाला बोललो नव्हतो. म्हणालो, "मेंढरांना अक्कल नसते हे जगाला माहीत आहे. तुम्हाला होती का? ती बाई मागं का बसली होती?"

तो म्हणाला, "रस्त्याला उतार चुकीचा हाय." आणि निघून गेला. मी त्याला माणसातून उठवलं, मनातल्या मनात.

महिनाभर तो लिंबाखाली आला नाही. मला वाटलं, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून. एके सकाळी गाडी दारात उभी. पत्रा ठोकून सरळ केलेला, टायर तीच उंच.

"टायर बदला, मालक. घासली."

मी खाली बसून बोट घातलं. नक्षी जवळजवळ नव्यासारखी खोल.

"कुठं घासलीत?"

"आतनं घासलीत."

मी खो खो हसलो. दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. टायर आतून घासतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं! एरवी मलाच अडाणी ठरवणाऱ्या त्याने नुसता जॅक पुढे सरकवला. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. जुन्या मापाची टायर बसवली. तो गाडीभोवती फिरला, केबिनच्या पायरीपर्यंत हाताने माप घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "याहून बुटकं काय बसतंय का?"

"आता पाळणा करायचाय का गाडीचा?" मी म्हणालो. तो तसाच गेला.

मला कळलं ते पुढे, स्कूटरवरून सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोरून जाताना. फाटकापाशी त्याची पिकअप उभी होती. केबिनचं दार उघडं. आक्का काठी धरून उभी, एक हात वाकडाच बसलेला. हा दाराखाली धुळीत एक गुडघा टेकून बसला होता. पांढऱ्या लेंग्याची मांडी त्याने पायरीसारखी पुढे केली होती. आक्काने आपली धुळीने माखलेली चप्पल तिच्यावर ठेवली, त्याच्या डोक्यावर हात टेकला आणि सावकाश आत चढली. तो हलला नाही. ती बसल्यावर तिचं लुगडं दारात अडकू नये म्हणून आत सारलं, मग दार लावलं.

फाटकावरच्या चहावाल्याने सांगितलं, बाईच्या पायाचा व्यायाम करून घ्यायला हा तिला एक दिवसाआड आणतो. सुरुवातीला चौघांना गोळा करून उचलून चढवायचा. बाई रडायची, लोकांनी उचललेलं तिला आवडायचं नाही.

तेवढ्यात त्याची माझ्याशी नजरानजर झाली. मला वाटलं, आज तरी हा काही बोलेल. गुडघ्याची धूळ न झटकता तो माझ्यावरच ओरडला, "तुमचं अलाइनमेंट चुकलंय, मालक! गाडी डावीकडं वडतीया!"

काय म्हणावं अशा माणसाला? मी स्कूटरला किक मारली.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. लिंबाखाली, दुपारच्या वेळी, केबिनमध्ये पाय पसरून झोपला होता. ड्रायव्हर भाडं आलं म्हणून हाक मारायला गेले, तो उठला नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

दिवसकार्याला मी त्याच्या गावी गेलो. अंगणात माणसं बसली होती. भिंतीला टेकून आक्का बसली होती, घरच्या बायकांत घरचीच असल्यासारखी. कुणीतरी तिला माझी ओळख सांगितली. तिने मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"तुमीच व्हय ती टायरवालं?"

"हो."

"तुमी वाईट टायर घातली म्हून गाडी पडली. मला सांगितलंय त्यानं सगळं. नायतर त्याच्या हातनं गाडी पडणारी न्हवती."

अंगणातली माणसं माझ्याकडे बघू लागली. ती टायर मी घातली नव्हती. घालू नका म्हणून चहा पाजून सांगितलं होतं. जिभेवर सगळं आलं होतं: मीटर, वळण, मडगार्ड, सगळं. त्याच्या बायकोने दारातून माझ्याकडे पाहिलं. तिला बहुतेक खरं माहीत होतं.

"चुकलं, आक्का," मी म्हणालो.

तिने चांगल्या हाताने शेजारची जागा झाडली.

"आसू दे. बसा. च्या घ्या."